चव्वेचाळिसावी सुरुवात

भूपाल गेल्याचं कळलं तेव्हा मी दूध तापवत होतो. फोन सुनंदावहिनींचा होता. भूपालच्या बायकोचा फोन म्हणजे गेली कित्येक वर्षं एकच वाक्य असायचं, "भाऊजी, ह्यांनी बोलिवलंय." त्यामुळं मी फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं गॅस बारीक करत सांगून टाकलं, "दहापर्यंत येतो म्हणावं." मग वहिनी म्हणाल्या, "सावकाश या. आता काय गडबड न्हाय..." दूध उतू गेलं. आज सात आठवडे झाले, बर्नरभोवती तो करपलेला डाग तसाच आहे. घासला तर निघेल. मी घासत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी आली. 'शेवटचं आधण' या गाजलेल्या कादंबरीचे लेखक, निवृत्त शिक्षक, वगैरे वगैरे. शेवटी एक वाक्य होतं, की या कादंबरीची पूर्वकथा ते लिहीत होते आणि ती पूर्णत्वाला आली होती. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं आहे. चूक दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडं जातो. त्या वाक्याखाली मी रेघ ओढली आणि समासात खूण केली. छापून घरोघरी गेलेल्या कागदावर खूण करून काय होणार होतं, देव जाणे. शोकसभेत तेच वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं. सभा संपल्यावर प्रकाशकांनी मला दारातच गाठलं. भूपालनं लिहिलेली एकशेबारा पानं मी नजरेखालून घालावीत, चार पानांची प्रस्तावना लिहावी, पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तक काढू, म्हणाले. मी मान हलवली. तिचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीनं घेतला. म्हणून आता हे लिहायला बसलो आहे. पूर्वकथा पूर्णत्वाला आलेली नव्हती. तिला सुरुवातच सापडलेली नव्हती, आणि त्याचा दोष माझ्याकडं जातो.

आमची ओळख कॉलेजातली. भूपाल पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातला, जैन शेतकऱ्याघरचा. मी कोल्हापुरातला, शिंप्याचा मुलगा. दोघांनाही वाचायचं वेड, आणि त्याला लिहायचंही. तो गोष्ट लिहायचा आणि रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसून मला वाचून दाखवायचा. मी भारी मतं द्यायचो. भाषा ओघवती आहे, व्यक्तिचित्रण ठसठशीत आहे... असलं काहीतरी. एकदा तो वैतागला आणि मला थेट गावाकडच्या गुऱ्हाळावर घेऊन गेला. त्याचे वडील, आप्पा, गुळव्या होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, आणि गूळ तयार झाला की नाही हे ठरवणारा एकच माणूस तिथं असतो, तो गुळव्या. आप्पा पितळी वाडग्यातल्या पाण्यात बोटं बुडवायचे, उकळत्या रसाचा थेंब उचलायचे, पाण्यात सोडून त्याची गोळी करायचे आणि बोटांत दाबून बघायचे. चेहऱ्यावर काही नाही. मग एकदम म्हणायचे, "उतरा!" त्या एका शब्दावर गडी काहील चुलवाणावरनं उचलायचे. तो शब्द लवकर आला तर गूळ चिकट होतो, त्याचा रवा बसत नाही, दाणा धरत नाही. उशिरा आला तर करपतो. आणि एकदा काहील उतरवली की झालं, ते आधण परत चढवता येत नाही.

परतताना एसटीत भूपाल म्हणाला, "बघितलास? आप्पा मत देतात काय? रस ओघवता हाय म्हणत्यात काय? तू माझा गुळव्या हो लेका. मी पहिलं पान वाचणार. तुला आतनं वाटलं तरच म्हणायचं, फुडं? न्हाय वाटलं तर म्हण, छान हाय. म्हंजे मी ते टाकून देतो." मी म्हटलं, आणि एखादं खरंच छान असलं तर? तो म्हणाला, "छान असलं तर फुडं ऐकावंसं वाटंल की."

तो नियम आम्ही पंचेचाळीस वर्षं पाळला. दोघांची लग्नं झाली. तो हायस्कुलात मास्तर झाला, मी छापखान्यात चिकटलो. माझी बायको लवकर गेली, तेव्हापासून माझा रविवार त्याच्याच घरी जायचा. वरच्या मजल्यावर त्याची लिहायची खोली. टेबलावर आप्पांचं तेच पितळी वाडगं, पाण्यानं भरलेलं. पानं उलटताना त्यात बोट बुडवायची त्याला सवय होती, आणि वाडगं रोज सकाळी भरून ठेवायची वहिनींना. खिडकीजवळची खुर्ची माझी. तो पहिलं पान वाचायचा, मी ऐकायचो, आणि जिन्याखालच्या स्वयंपाकघरात वहिनी कान देऊन असायच्या. वरनं "छान हाय" ऐकू आलं की त्या काही करायच्या नाहीत, कारण मी आता उठणार हे त्यांना ठाऊक असायचं. "फुडं?" ऐकू आलं की चहाचं आधण चढायचं. बैठक लांबणार. दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं व्हायची, तेवढ्यापुरती ती थांबायची. पुस्तकांचं वहिनींना फारसं काही नव्हतं, पण माझ्या तोंडचे ते दोन शब्द त्यांच्याइतके कुणी ऐकले नसतील.

'शेवटचं आधण'च्या वेळी अकरा सुरुवाती 'छान' झाल्या. बारावीचं पहिलं वाक्य होतं, 'चंपाक्कानं गुळाचं पान बाजूला सारलं आणि म्हटलं, उतरा.' माझ्या तोंडून "फुडं?" कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही. त्यानं वही मिटली, गालात हसला आणि चार महिन्यांत कादंबरी लिहून काढली. चंपाक्का म्हणजे सत्तरीतली बाई, गावातलं शेवटचं गुऱ्हाळ चालवणारी, स्वतःच गुळव्याचं काम करणारी. तिचा 'उतरा' कधी चुकला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पानावर गरम गूळ खायला घालते, पण अख्ख्या कादंबरीत ती स्वतः गुळाचा खडा तोंडात घालत नाही. का, ते कुठंही सांगितलेलं नाही. आणि गंमत अशी की भूपाललाही ते माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणायचा, "ती आली तीच पान सारत आली. मी काय इचारणार तिला?"

वीसेक वर्षं कुणी विचारलं नाही, किंवा विचारलं तर त्यानं हसून टाळलं. मग पाच वर्षांपूर्वी एका कॉलेजात व्याख्यानाला गेला होता, तिथं एका मुलीनं उभं राहून ठणकावून विचारलं, "सर, तिनं गूळ का सोडला ते तुम्हाला म्हाईत न्हाई, हे खरं हाय का?" भूपाल तिथं म्हणाला, खरं आहे. पुढच्या रविवारी मला म्हणाला, "शंकऱ्या, चंपाक्काच्या आधीचं लिहायला पाहिजे. ती पोरगी माझ्याकडं असं बघत हुती, जसं काय मीच त्या म्हातारीला उपाशी ठेवलंय." त्यानं नवीन वही आणली. पाठपोट दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तिला आम्ही सुरुवातींची वही म्हणत असू. एकेका पानावर एकेक सुरुवात, वर तिचा नंबर आणि तारीख, खाली माझा निकाल. 'छा' किंवा 'फु'.

पूर्वकथा लिहिणं सोपं असेल असं मला उगीच वाटलं होतं. माणसं तयार, गाव तयार, शेवट तर छापूनच झालेला. भूपाल म्हणाला, तीच तर गोची आहे. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याला पुढं काय म्हणून कशाला विचारावंसं वाटेल? चंपाक्काच्या जन्मापासून सुरू केलं तर गूळ सोडण्यापर्यंत पोचायला दोनशे पानं. गूळ सोडला त्या दिवसापासून सुरू केलं तर पहिल्याच पानावर सगळं सांगून झालं, पुढं नुसतं गाडं ढकलायचं. आणि मुळात तो दिवस कोणता हेच सापडेना. पहिल्या नंबरात ती गुऱ्हाळाच्या हंगामात जन्माला आली. छान. सातव्यात तिचा बाप होता. छान. बाराव्यात भावानं तिच्या वाटणीचा ऊस तोडून नेला. मला क्षणभर वाटलं आता येतंय, पण नाही आलं. विसाव्याच्या आसपास मी एकदा धीर करून म्हटलं, सुरुवात राहू दे बाजूला, मधनं लिहायला घे, सुरुवात मागनं लावू. तो असा उसळला की खालून वहिनी वर आल्या. "मधनं? काहील मधनं तापिवतोस व्हय रे?" त्याला तसं जमायचंच नाही. पहिलं वाक्य म्हणजे त्याला दार होतं. दाराशिवाय तो घरात शिरायचा नाही, मग पावसात भिजत उभं राहायला लागलं तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं कामातनं गेली. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. एकदा गेलं की अर्धा दिवस तिथं, उरलेला अर्धा ग्लानीत, आणि मधल्या दिवशी कुठं थोडी हुशारी यायची तोवर परत जायची वेळ. त्या हुशारीच्या तासांत तो सुरुवात शोधायचा. आधी रविवारची वाट बघायचा, मग वाट बघवेना. दुपारी फोन करायचा आणि रामराम न करता सरळ वाचायला लागायचा. मोबाइलवर आवाज पाठवायचा, धाप लागलेला. मी ऐकायचो आणि लिहून कळवायचो, छान आहे. बोटानं ते दोन शब्द दाबताना मला माझीच किळस यायची. एकदा म्हणाला, "मला चारच म्हयने पायजेत रे. पण सुरुवात गावल्यापास्नं चार. गावायच्या आधीचे दिवस त्यात धरायचे न्हाईत." हे तो मला सांगत होता की वर कुणाला, कळलं नाही. तीस झाल्या. छत्तीस झाल्या. भूक गेली, वजन गेलं, अक्षर वाकडं झालं. एकेचाळिसावी वाचून झाल्यावर मी "छान हाय" म्हटलं तेव्हा त्यानं वही बंद केली नाही. नुसता तिच्याकडं बघत बसला. खाली भांडं पडल्याचा आवाज आला.

त्रेचाळिसावी त्यानं मला डायलिसिसच्या खाटेवरच वाचून दाखवली. दिवाळी होऊन गेली होती. सकाळची वेळ, शेजारी यंत्र घरघरत होतं, डाव्या हातात दोन सुया, त्यातनं त्याचं रक्त जात होतं आणि येत होतं. वहीचं ओझं पेलवेना म्हणून वहिनींनी ती त्याच्यापुढं धरली होती. त्यात नवरी चंपा बैलगाडीतनं सासरी येते, आणि उंबऱ्यावर सासू तिच्या हातावर गूळ ठेवते... चांगलं लिहिलं होतं. भूपालला वाईट लिहिता यायचंच नाही. पण दुसऱ्या वाक्याला मला तिसरं कळलं होतं. वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, छताकडं बघितलं. ओठ सुकले होते. गळ्याची शीर उडत होती. माझ्या आत काहीही हललं नव्हतं. आणि मी म्हटलं, "फुडं?"

त्याचा चेहरा कसा झाला ते मी इथं लिहू शकत नाही. प्रयत्न केला, चार वाक्यं खोडली. सुया लावलेला हात उचलायला निघाला, तशी नर्स ओरडली. मला म्हणाला, "आलं न्हवं? आलं न्हवं रे?" मी हसत होतो. वहिनींनी वही मिटली आणि माझ्याकडं एकदा बघितलं, बस्स. मी घरी आलो, जेवलो, झोपलोही. मला वाटत होतं, पुण्य केलं.

त्यानं लिहायला घेतलं. कसं लिहिलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. चार ओळी लिहायच्या, डोळे मिटून पडायचं, परत चार ओळी. डॉक्टरसुद्धा म्हणाले, माणसाला उमेद आली आहे. भाकरी मागून खायला लागला. दर रविवारी मला पानं वाचून दाखवायचा, आणि विसाव्या पानालाच मला कळलं होतं की हे बसत नाही आहे. वाक्यं नीट होती, त्यात भूपाल नव्हता. दर रविवारी घरातनं निघताना मी ठरवायचो, आज सांगायचं. रंकाळ्यापर्यंत धीर टिकायचा, त्याच्या जिन्यात संपायचा. वर गेल्यावर तो म्हणायचा, "ये गुळव्या," आणि मी त्याच्या पानातले स्वल्पविराम दुरुस्त करायचो. पानं साठ झाली, नव्वद झाली. मी माझ्या मित्राचे शेवटचे चांगले दिवस असे बसून संपवले. याला दुसरा शब्द असेल तर मला सांगा. मी शब्दांच्याच धंद्यात होतो, मला तरी सापडलेला नाही.

एकशेबाराव्या पानावर तो थांबला. ते मला नंतर कळलं. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी माझ्या दारात रिक्षा थांबली आणि तो उतरला, एकटा. वर्षभरात तो माझ्याकडं आला नव्हता. माझं घर पहिल्या मजल्यावर आहे. चौथ्या पायरीवरच तो बसला. मी धावत खाली गेलो, हाताला धरायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हितंच बस." मग बराच वेळ श्वास जमवत राहिला. समोर रिक्षावाला मोबाइल बघत होता.

"शंकऱ्या," तो म्हणाला, "त्या दिवशी तुला खरंच आलं हुतं का?"

"काय?"

"फुडं."

मी त्या पायरीवर खरं बोलू शकलो असतो. त्यानं त्यासाठीच तर मला जागा करून दिली होती, एवढ्या लांब येऊन. पण शंभरावर पानं लिहिलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "आलं म्हणून तर म्हटलं की. मी खोटं कशाला बोलू लेका?"

त्यानं माझ्याकडं खूप वेळ बघितलं. आप्पा बोटांत गोळी दाबताना बघायचे, तसं. मग म्हणाला, "बरं." पाणी मागितलं. दोन घोट प्याला, त्याला मोजकंच पाणी चालायचं. उठताना म्हणाला, "रवा बसंना झालाय, दुसरं काय न्हाय." रिक्षा वळली तेव्हा त्यानं आतनं हात वर केला. तो मला दिसलेला शेवटचा भूपाल. त्यानंतर चौथ्या दिवशी दूध उतू गेलं.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. "तुमचं काय काय हाय ते घिऊन जावा," म्हणाल्या. माझं तिथं काय असणार, पण गेलो. खोली तशीच होती. खुर्च्या समोरासमोर, टेबलावर एकशेबारा पानांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधलेला, सुरुवातींची वही, आणि वाडगं. वाडग्यात पाणी होतं, ताजं. मी वाडग्याकडं बघतोय हे वहिनींनी बघितलं. "सवय जात न्हाय," म्हणाल्या. मग मी उभ्यानंच, त्यांच्याकडं न बघता सांगून टाकलं. त्या दिवशी दवाखान्यात मी खोटं बोललो, असं. पंचेचाळीस वर्षांत निकाल एकदाच खोटा दिला, तो तिथं.

वहिनी काही वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मला तवाच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमचं फुडं मी काय पहिल्यांदा ऐकतो व्हय? ते पटकन येतंय, तुमच्याबी नकळत. त्या दिवशी तुम्ही आधी ह्यांच्याकडं बघितलासा, मग म्हटलासा. पण ह्यांचं तोंड बघितलं आन् गप बसलो. नंतर हे मलाबी इचारत हुते. मी म्हटलं, भाऊजी खोटं बोलत न्हाईत." एवढं बोलून त्या खाली गेल्या. जिन्यात त्या थोडा वेळ थांबल्या होत्या, पावलांचा आवाज थांबला त्यावरनं कळलं.

मी वही घेऊन माझ्या खुर्चीत बसलो. पानं चाळली. छा, छा, छा... माझ्या तोंडच्या निकालांची रांग, त्याच्या हातची. त्रेचाळिसाव्या पानाखाली मोठा 'फु', त्याच्याखाली दोन रेघा, आणि नंतर कधीतरी दुसऱ्या पेनानं शेजारी काढलेलं प्रश्नचिन्ह. मला वाटत होतं वही तिथं संपते. पण पुढच्या पानावर आणखी एक नंबर होता. चव्वेचाळीस. तारीख तो माझ्या पायरीवर बसला होता त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आणि अगदी वर, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शंकऱ्याला दाखवायचं नाही.'

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग खालचं वाचायला लागलो, मोठ्यानं. त्या खोलीत मी कधी काही मनात वाचलेलं नाही.

'चंपीनं पहिल्यांदा उतरा म्हटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि ती खोटं बोलली होती. तिच्या आप्पाची बोटं भाजून सुजली होती, म्हणून त्या दिवशी गोळी तिनं बघायची होती. गोळी अजून मऊ होती. पण चुलवाणापुढं उभ्या आप्पाचा तोल जात होता. सकाळपासून अंगात ताप होता आणि काहील उतरल्याशिवाय तो बसणार नव्हता. चंपीनं एकदा गोळीकडं बघितलं आणि एकदा आप्पाकडं. आप्पानं विचारलं, झाली काय गं? चंपी म्हणाली, उतरा. गड्यांनी काहील उचलली. आप्पा हसला आणि म्हणाला, माझी पोरगी खोटं बोलायची न्हाय.'

पान तिथं संपलं होतं, आणि माझ्या तोंडातनं शब्द गेला. "फुडं?"

मी म्हटला नाही, तो गेला. बाराव्या सुरुवातीला गेला होता तसा. रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला ऐकू आला आणि मी हातातली वही मांडीवर टाकली. चंपाक्कानं गूळ का सोडला ते मला कळलं होतं. स्वतःच्या त्या खोट्याची चव तिला पुन्हा नको होती. त्याला ते माझ्या खोट्यातनं सापडलं होतं. आणि ज्या दिवसांत हे लिहायचं ते दिवस मीच तर त्याच्याकडनं काढून घेतले होते, एकशेबारा पानांच्या बदल्यात.

खाली स्वयंपाकघरात लायटर वाजला. चहा चढला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, वहिनी, नको. थोड्या वेळानं त्या वर आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते. दारात आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या कपाकडं त्यांनी बघितलं, भूपालच्या खुर्चीकडं बघितलं, आणि मग ट्रे टेबलावर ठेवून त्याच खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं बसलेलं बघितलं नव्हतं.

"खालनं सगळं ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी उठून बसून लिहिलं ह्यांनी ते. मला म्हटले, वाडगं भर, आता लई पानं उलटायची हाईत. रातीपास्नं ताप भरला." मग कप माझ्याकडं सरकवला. "वाचा की भाऊजी. फुडं काय झालं पोरीचं?"

मी वाडग्यात बोट बुडवलं आणि पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. माझ्या ओल्या बोटाचा डाग तेवढा त्याच्यावर उमटला.